गाडीचा एसी गार करत नाही? गॅस भरण्याआधी व्हॉल्व्ह तपासा

मंडळी, होड्या वर ओढल्या की गाड्यांची कामं निघतात. एसी गार करत नाही म्हटलं की गॅरेजवाला सांगतो, गॅस संपला. पण हा गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही, बंद नळ्यांतून फिरत राहतो. दरवर्षी भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गॅस पुरेसा असूनही गार होत नसेल तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हवर संशय घ्या.

ओल्या बनियनला वारा लागला की हुडहुडी भरते ना, तसंच इथे. पाणी उडून जाताना अंगातली उष्णता नेतं. बहुतेक गाड्यांतला आर-१३४ए गॅस मोकळ्या हवेत उणे २६ अंशांवरच उकळतो. कंप्रेसर तो दाबतो, पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, त्याचा द्रव होतो. मग येतो हा व्हॉल्व्ह, आगपेटीएवढा ठोकळा. त्याच्या बारीक भोकातून द्रव सुटला की दाब एकदम पडतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळून केबिनची उष्णता ओढतो.

भोक मात्र कायम एकसारखं उघडं नसतं. कॉइलमधून परतणारा गॅस जास्त गरम असला की व्हॉल्व्हच्या डोक्यातला पडदा खाली दाबला जातो, गोळी सरकते, जास्त द्रव जातो. परतणारा गॅस थंड असला की स्प्रिंग गोळी वर ढकलते. व्हॉल्व्ह उघडाच अडकला तर द्रव थेट कंप्रेसरकडे जातो आणि कंप्रेसर फुटू शकतो. तो खर्च मोठा!

आता नेहमीचा त्रास. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं गार, मग वारा जोरातच पण गरम. गाडी थोडी थांबवली की पुन्हा गार. आत ओलावा शिरलाय, तो त्या भोकात गोठून वाट अडवतो. (वाराच कमी झाला असेल तर बर्फ कॉइलवर धरलाय, तो दोष वेगळा.) अशा वेळी वरून गॅस भरून काही होत नाही. ड्रायर बदलायचा आणि पंप लावून निदान अर्धा तास व्हॅक्यूम करायचा. घाईत हेच टाळलं जातं, म्हणून समोर उभे राहा. दोन्ही गेज लावल्याशिवाय गॅस भरू देऊ नका.

आणि जेटीवर गाडी लावणाऱ्यांनी कंडेन्सरवर अधूनमधून गोडं पाणी मारावं, हलक्या धारेनं. खारं तिथेच आधी खातं.