पुसलेली फाइल कुठे जाते?

गणेशोत्सव संपल्यावर आमच्या हातून मंडळाच्या कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड फॉरमॅट झाले. फोटो आधीच उतरवून घेतले आहेत, अशी प्रत्येकाची समजूत होती. त्यावर सगळ्या दिवसांचे फोटो होतेच, शिवाय एका आजींनी पहिल्या दिवशी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या सात चित्रफिती होत्या. आजी दिवाळीआधी गेल्या. घरच्यांनी त्या ओव्या मागितल्या, तेव्हा चूक लक्षात आली.

अनेक सभासद विचारतात म्हणून सांगतो. फाइल डिलीट केली किंवा कार्ड साधे फॉरमॅट केले, की बहुधा मजकूर जागच्या जागीच राहतो. आम्ही बँकेत होतो तेव्हा लेजरच्या सुरुवातीला अनुक्रमणिका असे. तिथले नाव खोडले तरी आतल्या पानावरच्या नोंदी तशाच राहत. इथेही तसेच होते. पान मोकळे समजून त्यावर दुसरे काही लिहिले गेले, की मात्र जुने गेले. म्हणून फाइल गेल्याचे कळताच ते कार्ड किंवा पेन ड्राइव्ह लगेच काढून ठेवावे. एकही नवा फोटो काढू नये.

आम्ही नेमके उलटे केले होते. फॉरमॅटनंतर मांडव उतरवतानाचे फोटो त्याच कार्डावर काढले.

फोटोरेक नावाचे एक मोफत सॉफ्टवेअर आहे. ते अनुक्रमणिकेकडे न पाहता थेट मजकूर चाळते आणि फोटोची, चित्रफितीची सुरुवात ओळखून फाइल बाहेर काढते. मूळ नावे परत येत नाहीत, नुसते आकडे दिसतात. ती छाननी आम्हाला चार दिवस पुरली. सापडलेल्या फाइली त्याच कार्डावर कधीही साठवू नयेत, संगणकावर घ्याव्या. बहुतेक फोटो मिळाले. ओव्यांच्या सातपैकी पाच चित्रफिती मिळाल्या. पहिल्या दोन कार्डाच्या सुरुवातीला होत्या, आणि मांडवाचे फोटो नेमके त्यांच्यावरच लिहिले गेले होते.

हार्ड डिस्कचेही गणित असेच. पण ती टकटक आवाज करत असेल तर सॉफ्टवेअर चालवत बसू नका. बंद करून जाणकाराकडे द्या. नव्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. तिथे विंडोज ‘ट्रिम’ नावाची आज्ञा देऊन मोकळी जागा साफ करायला सांगते, त्यामुळे रिसायकल बिनमधूनही काढलेली फाइल मिळण्याची आशा फार थोडी. मोबाइलमधला फोटो गेला तर आधी ट्रॅश पाहावा. गूगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेला फोटो तिथे ६० दिवस राहतो.

त्या पाच चित्रफिती आजींच्या घरी पोहोचल्या आहेत. त्या दिवशी कोणी आपल्या मोबाइलवर ओव्यांची सुरुवात टिपली असेल, तर मंडळाच्या कार्यालयात जरूर आणून द्यावी.