धावा झाल्यावरच बोलायचं का?

कुंभकोणमहून बोलतोय. मालिकेत नवीन असलेल्यांसाठी एवढंच सांगतो, की नोकरीच्या निमित्तानं कावेरीकाठच्या या गावात आलो आणि इथलाच झालो. तंजावर इथून चाळीसेक किलोमीटर, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेली मराठी घरंही आहेत. त्या घरांत आणि शेजारच्या तमिळ घरांत एका गोष्टीवर मात्र कधीच वाद नसतो: संध्याकाळी टीव्हीवर क्रिकेट लागणार. वाद होतो तो सचिन मोठा की धोनी, यावर.

आजचा विषय एका प्रश्नातून निघाला. सोलापूरच्या एका ताईंनी लिहिलं होतं, "दादा, कोट्यवधी रुपये मिळतात या पोरांना. यांना कसलं आलंय टेन्शन? टेन्शन आम्हाला. महिन्याचा हप्ता, मुलांची फी." प्रश्न खोचक आहे, पण खोटा नाही. म्हणून आज त्याचंच उत्तर शोधू.

आधी शब्द नीट धरू. थकवा वेगळा, दडपण वेगळं आणि बर्नआउट वेगळं. थकलेला माणूस झोपला की सकाळी उठून कामाला लागतो. दडपण तर लग्नाच्या आदल्या दिवशीही येतं, आणि ते नेहमी वाईटच असतं असं नाही. बर्नआउट म्हणजे तव्यावरची भाकरी वेळेवर न उतरवल्यासारखं, माणूस आतून करपत जाणं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणात याची व्याख्या दिली. आजार म्हणून नव्हे, तर कामातल्या सततच्या ताणातून येणारी अवस्था म्हणून. तिच्या तीन खुणा आहेत. ताकद संपून जाते. ज्या कामावर जीव होता त्या कामावरून मन उडतं. आणि आपल्या हातून काही नीट होत नाही, असं सारखं वाटत राहतं. ताई, ही व्याख्या तुमच्या ऑफिसलाही तितकीच लागू आहे.

मग क्रिकेटमध्ये वेगळं काय? फलंदाजाचं काम बघा. टेनिसपटूचा एक फटका चुकला तर पुढचा पॉइंट लगेच असतो. फलंदाजाची एक चूक झाली की तो पॅव्हेलियनमध्ये, आणि तिथं बसून दिवसभर दुसऱ्यांचा खेळ बघायचा. चूक सुधारायची संधी कदाचित चार दिवसांनी, कदाचित पुढच्या मोसमात, कदाचित कधीच नाही. या खेळात खेळण्यापेक्षा वाट बघणं जास्त आहे, आणि मन खातं ते वाट बघतानाच.

सचिनचंच घ्या. मे २०२१ मध्ये त्यानं सांगितलं, की कारकिर्दीतली दहा-बारा वर्षं त्याला सामन्याआधी अस्वस्थता यायची. कितीतरी रात्री झोप लागायची नाही. पुढे त्यानं ते मान्य केलं, हा आपल्या तयारीचाच भाग आहे असं ठरवलं, आणि त्या वेळात चहा करणं, कपड्यांना इस्त्री करणं, आदल्या दिवशीच बॅग भरून ठेवणं असले उद्योग सुरू केले. बॅग भरायची सवय भावानं लावलेली. ऐकायला किती साधं वाटतं! पण जगातला सर्वांत नावाजलेला फलंदाज रात्री इस्त्री करत उभा आहे, कारण डोळा लागत नाही, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. त्याच गप्पांत त्यानं चेन्नईच्या हॉटेलातल्या एका कर्मचाऱ्याची आठवण सांगितली. डोसा घेऊन आलेल्या त्या माणसानं सांगितलं, की कोपरावरच्या गार्डमुळे तुमची बॅट नीट फिरत नाही. सचिनला ते पटलं. आमच्या तमिळनाडूत ही गोष्ट अभिमानानं सांगतात. मला मात्र त्यात दुसरंही दिसतं: खोलीत डोसा घेऊन येणाऱ्यापर्यंत प्रत्येकाची तुमच्या कोपरावर नजर आहे. या माणसाची सूचना उपयोगी ठरली. बाकीच्या शंभर कोटींच्या सूचनांचं काय करायचं?

१९९७ मध्ये बार्बाडोसला भारताला जिंकायला १२० धावा हव्या होत्या आणि संघ ८१ वर आटोपला. कर्णधार सचिन होता. त्या पराभवानंतर तो खोलीत कोंडून घेऊन बसला होता, आणि त्या काळात खेळापासून कायमचं दूर व्हावं असाही विचार मनात आला, हे त्यानं आत्मचरित्रात लिहिलंय. आत्मचरित्र आलं २०१४ मध्ये, निवृत्तीनंतर. तारखा लक्षात ठेवा. माझा आजचा मुद्दा त्या तारखांमध्येच आहे.

आता आमच्या बाजूचा माणूस, रविचंद्रन अश्विन. २०१८ ते २०२० या काळात आपण अनेकदा खेळ सोडायचा विचार केला, असं त्यानं डिसेंबर २०२१ मधल्या मुलाखतीत सांगितलं. दुखापती होत्याच. सहा चेंडू टाकले की धाप लागायची. पण त्याला जास्त लागलं ते दुसरंच. इतरांच्या पाठीशी लोक उभे राहतात, मग माझ्या का नाही, मी काय कमी सामने जिंकून दिले, असा त्याचा सवाल होता. २०१९ च्या सुरुवातीला सिडनीतल्या कसोटीनंतर संघाच्या प्रशिक्षकांनी परदेशातला आपला पहिल्या क्रमांकाचा फिरकीपटू म्हणून कुलदीप यादवचं नाव घेतलं. कुलदीपसाठी आनंद झाला, पण आपण आतून चिरडले गेलो, असं अश्विन म्हणाला.

त्याच सिडनीत, ११ जानेवारी २०२१ ला, हाच अश्विन हनुमा विहारीबरोबर उभा राहिला आणि कसोटी वाचवली. विहारीचा मांडीचा स्नायू दुखावलेला, अश्विनची कंबर धरलेली. दोघांनी मिळून २५९ चेंडू खेळून काढले. सकाळी त्याला वाकून बुटाची नाडीही बांधता येत नव्हती, हे त्याच्या पत्नीनं जगाला सांगितलं आणि देशानं टाळ्या वाजवल्या. माणूस तोच, मैदानही तेच. कंबर दुखत असताना खेळला तर शूर. त्याआधीची दोन वर्षं मन दुखत असताना खेळत होता, ते आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर आपण टाळ्या वाजवल्या असत्या की "नाजूक आहे" म्हटलं असतं?

मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जची गोष्ट ताजी आहे. २०२५ च्या विश्वचषकात ती सुरुवातीला दोनदा शून्यावर बाद झाली आणि इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात संघाबाहेर बसली. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध उपान्त्य सामना. समोर ३३९ चं लक्ष्य. तिनं १३४ चेंडूंत नाबाद १२७ केल्या आणि भारत अंतिम फेरीत गेला. नंतर पत्रकारांसमोर रडत रडत ती म्हणाली, की या स्पर्धेत ती सतत चिंतेनं ग्रासलेली होती, आईला फोन करून रडायची, कधीकधी सगळं बधिर वाटायचं. अरुंधती रेड्डीजवळ ती रोज रडायची. आमची सांगलीची स्मृती मानधना नेटमध्ये नुसती येऊन जवळ उभी राहायची. ते नुसतं उभं राहणंसुद्धा तिला पुरेसं होतं.

आपण सगळे त्या रात्री हळवे झालो. मीही झालो. पण एक विचार काही डोक्यातून जाईना. हे सगळं तिला १२७ च्या आधी बोलता आलं असतं का? इंदूरला बाकावर बसलेली असताना ती हेच म्हणाली असती, तर उपान्त्य सामन्यात तिचं नाव असतं का? सचिन बोलला निवृत्तीनंतर साडेसात वर्षांनी. अश्विन बोलला संघात परतल्यावर. विराट कोहली २०१४ च्या इंग्लंड दौऱ्यात दहा डावांत १३४ धावा करून आतून कोसळला होता; ते त्यानं २०१९ मध्ये इंदूरला सांगितलं, पाच वर्षांनी आणि डोंगराएवढ्या धावा करून झाल्यावर. आणि तेही कशामुळे? ऑस्ट्रेलियाच्या ग्लेन मॅक्सवेलनं नुकतीच चालू मालिकेतून मानसिक आरोग्यासाठी रजा घेतली होती. विराटनं त्याचं कौतुक केलं आणि म्हणाला, तेव्हा मला हे सांगता आलं नसतं, कारण लोक ते कसं घेतील ते ठाऊक नव्हतं.

गाठ इथं आहे. खेळाडूनं मनातलं सांगायचं कोणाला? प्रशिक्षकाला सांगावं तर अकरा जणांची नावं ठरवण्यात त्याचा हात. कर्णधाराला सांगावं तर तेच. गुडघा दुखतो म्हटलं तर स्कॅन निघतो, तीन आठवड्यांनी जागा परत मिळायची आशा असते. "मला भीती वाटते" म्हटलं तर स्कॅन नाही आणि मुदतही नाही. उरतो तो शेरा, आणि तो पुढच्या निवडीपर्यंत सोबत येतो. म्हणून माणूस हसतो. २०२२ मध्ये विराटनं महिनाभर बॅट हातात घेतली नाही, आणि नंतर कबूल केलं, की त्याआधी आपण जोशाचं सोंग आणत होतो.

आता ताईंचे कोट्यवधी रुपये. आयपीएलमध्ये दहा संघ, एका संघात जास्तीत जास्त पंचवीस खेळाडू. म्हणजे फार तर अडीचशे जण, त्यातले परदेशी वेगळे. रणजीत संघ ३८. बोर्डानं २०२१ मध्ये ठरवलेल्या दरानुसार वीसपर्यंत सामने खेळलेल्या रणजीपटूला दिवसाला ४० हजार, म्हणजे चार दिवसांच्या सामन्याचे १ लाख ६० हजार. राखीव खेळाडूला त्याच्या निम्मे. अकरावा आणि बारावा यांच्यातला फरक सामन्यामागे ८० हजारांचा. मोसम संपला की पुढच्या वर्षी काय, ते कोणी सांगत नाही. त्यात लिलाव. तुमची किंमत टीव्हीवर, आईवडिलांसमोर, शेजाऱ्यांसमोर पुकारली जाते, किंवा पुकारूनही कोणी हात वर करत नाही.

पूर्वी यावर एक उतारा होता, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. नोकरी. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, सुनील गावसकर निरलॉनमध्ये. इकडचे वेंकटराघवन इंजिनिअर. शून्यावर बाद झालं तरी सोमवारी टेबल आणि खुर्ची शिल्लक असायची, आणि तिथं आपल्याला दुसऱ्या नावानं ओळखणारी माणसं असायची. जुना काळ फार गोड होता असं मी म्हणत नाही. त्या पगारात संसार ओढावाच लागे. पण माणूस आणि त्याचा धावफलक यांच्यात एक भिंत होती. आता अकराव्या वर्षापासून मुलगा फक्त क्रिकेटपटू असतो. त्याच्या धावा आटल्या, की तोच आटतो.

धोनीनं २०२० मध्ये एक पत्ता सांगितला होता, तोही चेन्नईच्या एस. बद्रिनाथ यांच्या संस्थेच्या कार्यक्रमाच्या निमित्तानं. पहिले पाच-दहा चेंडू माझेही ठोके वाढलेले असतात, मलाही थोडी भीती वाटते, पण हे कोणी म्हणत नाही, असं तो म्हणाला. आणि मनाचा प्रशिक्षक पंधरा दिवसांसाठी येणारा नको, कायम सोबत असणारा हवा. मी त्यात एक अट जोडेन. त्या माणसाचं तोंड निवड समितीकडे नसावं. खेळाडूनं सांगितलेलं त्याच्याच जवळ राहिलं पाहिजे, नाहीतर तो आणखी एक परीक्षक.

हे मोठ्या संघांचं झालं. पण इथून चेन्नई तीनशे किलोमीटरच्या आसपास. रात्रीच्या गाडीनं किटबॅग घेऊन निवड चाचणीला जाणारी मुलं या गावातही आहेत, तशी सोलापुरातून पुण्याला जाणारीही असतील. त्यांच्याजवळ कुठला मनाचा प्रशिक्षक? त्यांच्याजवळ आपण असतो, आणि गाडीतून उतरल्यावर आपला पहिला प्रश्न असतो, "किती केल्या?" तो एक दिवस मागं ठेवून बघा. आधी जेवायला वाढा. मूल सरावाला जायचं टाळू लागलं, झोप उडाली, जिंकूनही चेहरा कोरा राहिला आणि हे दोन-तीन आठवडे टिकलं, तर "मन घट्ट कर" हा उपदेश पुरत नाही. सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ हा क्रमांक, फुकट आणि चोवीस तास. भाषा निवडता येते. तमिळ आहे, मराठीही आहे. आणि फोन क्रिकेटपटूच्याच घरून यावा लागतो असं नाही, ताई. हप्त्याच्या आणि फीच्या टेन्शनसाठीही तोच क्रमांक चालतो.