रिक्त पदांचा हिशेब विधिमंडळ कसा मागते?

ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर नाही, तालुक्याच्या कचेरीत एका लिपिकाकडे तिघांची टेबले. पदे मंजूर असूनही माणसे का नाहीत, याचा जाब सरकारला विचारणे हे विधिमंडळाचे काम आहे. महाराष्ट्रात ते कसे चालते, हे क्रमाने पाहू.

प्रत्येक विभागाचा आकृतिबंध ठरलेला असतो. कोणत्या संवर्गात किती पदे मंजूर आहेत, हे त्यावरून कळते. मंजूर पदांतून भरलेली पदे वजा केली की रिक्त पदे उरतात. ती भरण्यापूर्वी विभागाला बिंदुनामावली, म्हणजे कोणते पद कोणत्या आरक्षण प्रवर्गासाठी हे ठरवणारी नोंदवही, मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. मग महाराष्ट्र लोकसेवा आयोगाकडे (एमपीएससी) मागणीपत्र जाते. आयोगाच्या कक्षेबाहेरच्या पदांसाठी सरळसेवा परीक्षा होते, तर काही पदे पदोन्नतीने भरायची असतात. यांतली एक पायरी अडली की सगळी भरती अडते.

आमदाराच्या हातातले पहिले साधन म्हणजे तारांकित प्रश्न. मंत्री सभागृहात उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. विषय तातडीचा असेल तर लक्षवेधी सूचना मांडता येते. अर्थसंकल्पी अधिवेशनात विभागाच्या अनुदानाच्या मागण्यांवर चर्चा होते, तेव्हा कपात सूचनेतूनही, म्हणजे मागितलेली रक्कम कमी करण्याच्या सूचनेतूनही, हा विषय काढता येतो.

खरी चिकाटी लागते ती पुढे. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या शब्दाचा पाठपुरावा आश्वासन समिती करते. लोकलेखा समिती महालेखापरीक्षकांच्या (कॅग) अहवालातील मुद्द्यांवर, त्यात मनुष्यबळाचा तुटवडा असेल तर त्यावरही, सचिवांची साक्ष घेते. अनुसूचित जाती कल्याण समिती आरक्षित पदांचा अनुशेष तपासते. शिवाय संविधानाच्या अनुच्छेद 323 नुसार एमपीएससीचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवावाच लागतो. आयोगाचा सल्ला सरकारने मानला नसेल, तर त्याची कारणेही द्यावी लागतात.

विधिमंडळ स्वतः कुणाची नेमणूक करत नाही. त्यामुळे सगळा जोर प्रश्नाच्या नेमकेपणावर असतो. 2022 मध्ये राज्य सरकारने 75 हजार पदांच्या भरतीची घोषणा केली होती. अशा घोषणेनंतर ‘किती पदे रिक्त?’ एवढेच विचारले, तर फक्त आकडा हाती येतो. ‘मागणीपत्र कोणत्या तारखेला गेले? बिंदुनामावली कुठे अडली? निकाल लागूनही नियुक्तिपत्रे का निघाली नाहीत?’ असे विचारले, तर जबाबदारी ठरते. पुढच्या अधिवेशनाआधी आपल्या आमदारांकडे नेमके हेच प्रश्न लेखी द्या.