ऑस्कर पुरस्कारातील नामांकन आणि निवड : एक विवेचन

प्रस्तावना

दरवर्षी जानेवारी महिना उजाडला की आपल्या वृत्तपत्रांतून एखादा भारतीय चित्रपट 'ऑस्करच्या शर्यतीत' दाखल झाल्याच्या बातम्या झळकू लागतात. काही वेळा तर त्या चित्रपटाला 'नामांकन मिळाले' असेही छापून येते. पुढे प्रत्यक्ष नामांकने जाहीर होतात, त्यांत त्या चित्रपटाचे नाव नसते आणि आपल्यावर अन्याय झाल्याची भावना बळावते. या गोंधळाचे मूळ पुरस्काराची प्रक्रिया नीट ठाऊक नसण्यात आहे. पात्रता, अधिकृत प्रवेशिका, लघुसूची, नामांकन आणि पुरस्कार या पाच स्वतंत्र पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर निर्णय घेणारे वेगळे असतात आणि निर्णयाची पद्धतही वेगळी असते. प्रस्तुत लेखात या पायऱ्यांचे स्वरूप भारतीय आणि विशेषतः मराठी चित्रपटांच्या उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. चित्रपट हा आता भाषा, माध्यमविद्या आणि समाजशास्त्र या विषयांच्या अध्यापनाचा भाग झालेला असल्याने हे विवेचन अध्यापकांना उपयुक्त ठरावे.

पुरस्काराची पार्श्वभूमी

'अकॅडमी ऑफ मोशन पिक्चर आर्ट्स अँड सायन्सेस' या संस्थेची स्थापना १९२७ साली अमेरिकेत झाली. तिचा पहिला पुरस्कार सोहळा १६ मे १९२९ रोजी हॉलिवूडमधील रूझवेल्ट हॉटेलात पार पडला. त्या वेळी विजेत्यांची नावे सुमारे तीन महिने आधीच जाहीर झाली होती. पुढे वृत्तपत्रांना निकाल आधी कळवून तो सोहळ्याच्या रात्री छापण्याची प्रथा पडली. १९४० साली एका वृत्तपत्राने तो समारंभापूर्वीच प्रसिद्ध केला, आणि पुढील वर्षापासून बंद पाकिटाची पद्धत सुरू झाली. मतमोजणीचे काम १९३० च्या दशकाच्या मध्यापासून अकादमीबाहेरील लेखापरीक्षण संस्थेकडे सोपविण्यात आले.

येथे एक मूलभूत बाब लक्षात घेतली पाहिजे. कान किंवा व्हेनिस येथील महोत्सवांत मोजक्या परीक्षकांचे मंडळ चर्चा करून निर्णय देते. ऑस्कर पुरस्कार ही मात्र निवडणूक आहे. चित्रपटव्यवसायातील हजारो सदस्य एकमेकांशी चर्चा न करता गुप्त मतदान करतात. म्हणूनच निकालाचा अर्थ लावताना समीक्षेबरोबर निवडणूकशास्त्राचीही मदत घ्यावी लागते.

पात्रता आणि लघुसूची

सर्वसाधारण विभागांसाठी पात्र ठरण्याकरिता चित्रपट अमेरिकेतील ठरावीक महानगरांपैकी एखाद्या ठिकाणी किमान सात दिवस चित्रपटगृहात दाखविला जावा लागतो. अशा पात्र चित्रपटांची यादी अकादमी प्रसिद्ध करते. २०२३ च्या सोहळ्यासाठीच्या यादीत ३०१ चित्रपट होते. त्यांत 'आरआरआर' आणि 'कांतारा' यांच्याबरोबर 'मी वसंतराव' हा मराठी चित्रपटही होता. या यादीत नाव असणे म्हणजे मतदारयाद्या तयार झाल्यावर उमेदवाराचा अर्ज वैध ठरण्यासारखे आहे. अर्ज वैध ठरला म्हणून कोणी त्याला विजयी उमेदवार म्हणत नाही.

आंतरराष्ट्रीय चित्रपटासह काही विभागांत पात्रता आणि नामांकन यांच्या दरम्यान लघुसूचीची पायरी असते. 'छेल्लो शो' हा गुजराती चित्रपट २०२३ च्या सोहळ्यासाठी आंतरराष्ट्रीय विभागातील १५ चित्रपटांच्या लघुसूचीत पोहोचला होता. अंतिम ५ नामांकनांत मात्र त्याचा समावेश झाला नाही.

अधिकृत प्रवेशिका : राष्ट्राची निवड

इंग्रजीखेरीज अन्य भाषांतील चित्रपटांना १९४७ ते १९५५ या काळातील चित्रपटांसाठी स्पर्धेविना विशेष वा मानद पुरस्कार दिला जात असे. १९५६ च्या चित्रपटांपासून ही स्वतंत्र स्पर्धा झाली आणि फेदेरिको फेलिनी यांचा 'ला स्त्रादा' हा पहिला विजेता ठरला. २०१९ साली 'परभाषिक चित्रपट' हे नाव बदलून 'आंतरराष्ट्रीय चित्रपट' असे करण्यात आले.

या विभागाचे वैशिष्ट्य असे की, २०२५ साली झालेल्या ९७ व्या सोहळ्यापर्यंतच्या नियमांनुसार प्रत्येक देशाला एकच चित्रपट पाठविता येत होता आणि तो निवडण्याचे काम त्या त्या देशातील संस्थेकडे होते. भारतात ही निवड 'फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया' या संघटनेने नेमलेली समिती करीत आली आहे. म्हणजेच अधिकृत प्रवेशिका हा अकादमीचा निर्णय नव्हे. तो आपलाच निर्णय असतो.

मराठीपुरते बोलायचे तर संदीप सावंत यांचा 'श्वास' (२००४), परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) आणि चैतन्य ताम्हाणे यांचा मराठीसह अन्य भाषाही असलेला 'कोर्ट' (२०१५) हे चित्रपट त्या त्या वर्षी भारताच्या अधिकृत प्रवेशिका होते. तिघांपैकी एकालाही नामांकन मिळाले नाही. 'श्वास'च्या वेळी अमेरिकेतील प्रसारासाठी लोकवर्गणीतून निधी उभा करावा लागला होता, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. चित्रपट मतदारांपर्यंत पोहोचवायचा तर खेळ आयोजित करणे, वितरक मिळविणे, जाहिरात करणे यांवर मोठा खर्च होतो. प्रवेशिका निवडली जाण्याने ही जबाबदारी संपत नाही, तर सुरू होते.

राष्ट्रनिहाय निवडीमुळे काही विसंगतीही निर्माण होतात. दीपा मेहता यांचा 'वॉटर' हा हिंदी चित्रपट कॅनडाची प्रवेशिका म्हणून २००७ साली नामांकित झाला. नायजेरियाचा 'लायनहार्ट' मात्र २०१९ साली अपात्र ठरला, कारण त्यातील बहुतांश संवाद इंग्रजीत होते आणि इंग्रजी ही त्या देशाची राजभाषा असूनही नियमाने सूट दिली नाही. पायल कपाडिया यांचा 'ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट' हा मुंबईत व रत्नागिरी परिसरात घडणारा, मल्याळम, हिंदी आणि मराठी संवाद असलेला चित्रपट २०२४ साली कान महोत्सवात ग्रां प्री हा सन्मान मिळवून आला. त्या वर्षी भारताने 'लापता लेडीज' हा चित्रपट निवडला, तर सहनिर्माता असलेल्या फ्रान्सने 'एमिलिया पेरेझ' पाठविला. त्यामुळे कपाडियांच्या चित्रपटाला या विभागाचे दार बंद झाले. 'लापता लेडीज' लघुसूचीतही आला नाही. येथे अकादमीच्या मतदारांनी कपाडियांचा चित्रपट या विभागात नाकारला असे म्हणता येत नाही, कारण त्या विभागात तो त्यांच्यापुढे आलाच नव्हता.

२०२५ पर्यंतच्या सोहळ्यांचा विचार करता या विभागात भारताला तीनच नामांकने मिळाली : 'मदर इंडिया' (१९५८ चा सोहळा), 'सलाम बॉम्बे' (१९८९) आणि 'लगान' (२००२). त्या वर्षीचे विजेते अनुक्रमे इटलीचा 'नाइट्स ऑफ कॅबिरिया', डेन्मार्कचा 'पेले द कॉन्करर' आणि बोस्नियाचा 'नो मॅन्स लँड' हे होते. 'मदर इंडिया'चा पुरस्कार एका मताने हुकला असे आपल्याकडे नेहमी सांगितले जाते. परंतु अकादमी मतांचे आकडे प्रसिद्ध करीत नाही. त्यामुळे हे विधान वर्गात सांगताना आख्यायिका म्हणूनच सांगावे.

नामांकन : पहिल्या पसंतीचे महत्त्व

बहुतेक विभागांत नामांकने त्या त्या व्यवसायशाखेचे सदस्य ठरवितात. अभिनयाची नामांकने नट-नटी ठरवितात, दिग्दर्शनाची दिग्दर्शक, तर संकलनाची संकलक. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनात मात्र सर्व शाखांचे सदस्य भाग घेतात.

येथील मतदान बहुतांश विभागांत पसंतीक्रमाने होते. विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघाच्या निवडणुकीत आपण उमेदवारांपुढे १, २, ३ असे क्रम लिहितो, त्याच जातीची ही पद्धत आहे. समजा, एका शाखेत ६०० वैध मते पडली आणि ५ नामांकने द्यावयाची आहेत. अशा वेळी ६०० ला ६ ने भागून त्यात १ मिळविला की १०१ हा कोटा निघतो. ज्या कृतीला १०१ सदस्यांनी पहिली पसंती दिली तिचे नामांकन निश्चित होते. उरलेल्या ४९९ सदस्यांनी तिला यादीत स्थान दिले नाही तरी फरक पडत नाही. म्हणजेच नामांकनासाठी सर्वांना आवडणे आवश्यक नसते. सुमारे सहाव्या हिश्शाने मनापासून उचलून धरणे पुरेसे असते.

अंतिम निवड : व्यापक मान्यतेचे महत्त्व

अंतिम फेरीत सर्व विभागांचे मतदान सर्व मतदार सदस्यांसाठी खुले होते. बहुतेक विभागांत ज्याला सर्वाधिक मते तो विजेता, हा साधा नियम लागू होतो. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी मात्र २००९ च्या चित्रपटांपासून पुन्हा पसंतीक्रमाची पद्धत स्वीकारण्यात आली. त्याच वर्षी या विभागातील नामांकनांची संख्या ५ वरून १० करण्यात आली होती.

ही पद्धत एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. १००० मतदारांपैकी ४०० जणांनी 'अ' चित्रपटाला, ३५० जणांनी 'ब' ला आणि २५० जणांनी 'क' ला पहिली पसंती दिली. कोणालाही निम्म्याहून अधिक मते नाहीत, म्हणून 'क' बाद होतो व त्याच्या मतपत्रिकांवरील दुसरी पसंती मोजली जाते. त्यांतील १९० मते 'ब' कडे आणि ६० 'अ' कडे गेली, तर 'ब' ची ५४० व 'अ' ची ४६० मते होऊन 'ब' विजयी ठरतो. प्रारंभी आघाडीवर असलेला चित्रपट अशा रीतीने मागे पडू शकतो. थोड्यांचा अत्यंत लाडका असण्यापेक्षा अनेकांच्या यादीत दुसऱ्या-तिसऱ्या स्थानी असणे येथे अधिक फलदायी ठरते.

नामांकनांची संख्या आणि विजय यांचे नाते म्हणूनच सरळ नाही. 'द कलर पर्पल' या चित्रपटाला १९८६ साली ११ नामांकने मिळाली आणि पुरस्कार एकही मिळाला नाही. 'द रिटर्न ऑफ द किंग' या चित्रपटाने २००४ साली ११ पैकी ११ पुरस्कार पटकाविले. २०१७ साली 'ला ला लँड'ची नामांकने १४ होती, परंतु सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला तो ८ नामांकने असलेला 'मूनलाइट'.

भारतीय विजेते कोणत्या मार्गाने आले?

वरील विवेचनाच्या प्रकाशात भारतीय विजेत्यांकडे पाहिले असता एक सूत्र स्पष्ट होते. कोल्हापूरच्या भानू अथैय्या यांना 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासमवेत १९८३ साली पुरस्कार मिळाला आणि त्या पहिल्या भारतीय विजेत्या ठरल्या. २००९ साली 'स्लमडॉग मिलियनेअर'साठी ए. आर. रहमान, गुलजार आणि रसूल पूकुट्टी यांचा गौरव झाला. २०२३ साली 'आरआरआर'मधील 'नाटू नाटू' हे गीत आणि 'द एलिफंट व्हिस्परर्स' हा लघुमाहितीपट विजयी ठरले. सत्यजित राय यांना १९९२ साली मिळालेला पुरस्कार मानद होता. तो मतदानाने नव्हे, तर अकादमीच्या नियामक मंडळाच्या निर्णयाने दिला जातो.

यांपैकी एकही सन्मान राष्ट्रीय प्रवेशिकेच्या मार्गाने आलेला नाही. ज्या वर्षी 'आरआरआर'च्या गीताने पुरस्कार मिळविला त्या वर्षी भारताची अधिकृत प्रवेशिका 'छेल्लो शो' होती. आपले सारे लक्ष मात्र दरवर्षी अधिकृत प्रवेशिकेवरच खिळलेले असते.

मतदार कोण?

निवडणुकीचा निकाल मतदारयादीवर अवलंबून असतो. २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षे अभिनयाच्या चारही विभागांतील वीसच्या वीस नामांकने श्वेतवर्णीय कलावंतांना मिळाली, तेव्हा अमेरिकेत मोठा निषेध झाला. त्यानंतर अकादमीने स्त्रिया व अल्पसंख्याक समूहांतील सदस्यांची संख्या २०२० पर्यंत दुप्पट करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. अनेक देशांतील कलावंतांना सदस्यत्व देण्यात आले. त्यांत भारतीयही होते. पुढे २०२० साली दक्षिण कोरियाचा 'पॅरासाइट' हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळविणारा पहिला इंग्रजीतर चित्रपट ठरला. या घटनेचे सारे श्रेय सदस्यवाढीला देणे अतिसुलभीकरण होईल, तथापि ९१ सोहळ्यांत जे घडले नाही ते मतदारवर्ग बदलत असताना घडले, हे नोंद घेण्याजोगे आहे.

निष्कर्ष

१. यादीतील पात्रता, अधिकृत प्रवेशिका आणि नामांकन या तीन संज्ञा परस्परांच्या जागी वापरणे चुकीचे आहे. पहिली नियमांची पूर्तता दर्शविते, दुसरी देशाची निवड आणि तिसरी अकादमीच्या सदस्यांची पसंती.

२. नामांकनाची पद्धत उत्कट पाठिंब्याला, तर सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या अंतिम निवडीची पद्धत व्यापक मान्यतेला अनुकूल आहे. त्यामुळे नामांकित चित्रपटांची यादी ही विजेत्याच्या नावाइतकीच, किंबहुना काही वेळा अधिक, अभ्यसनीय ठरते.

३. 'श्वास', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि 'कोर्ट' यांना नामांकन न मिळणे हा त्यांच्या कलागुणांवरील निर्णय मानता येत नाही. निवड, वितरण, प्रसार आणि मतदारवर्ग या घटकांचा तो एकत्रित परिणाम असतो.

४. चित्रपटाचे अध्यापन करताना पुरस्कारांची यादी हे मूल्यमापनाचे साधन म्हणून न वापरता अभ्यासाचा विषय म्हणून वापरावी. एखाद्या वर्षीचे पाच नामांकित चित्रपट आणि त्याच वर्षी वगळला गेलेला एक चित्रपट विद्यार्थ्यांना शेजारी शेजारी ठेवून पाहावयास सांगितले, तर कोणी, कोणत्या नियमाने आणि कशाच्या आधारे निवडले हा प्रश्न त्यांना आपोआप पडेल. तो प्रश्न पडणे हेच या विषयाच्या अध्यापनाचे साध्य होय.