टँडेमवर थांबण्याआधी बोला: कोपनहेगनमधली दोन दिवसांची तालीम

आजच्या भागात कोडिंग नाही, सायकल आहे. तीही दोन सीट आणि दोन जोड्या पायडलवाली, म्हणजे टँडेम.

तर झालं असं, मी आणि बायकोनं कोपनहेगन ते बर्लिन सायकलनं जायचं ठरवलं. अंतर साधारण ६५० किलोमीटर. डेन्मार्कच्या दक्षिण टोकाला गेडसरपर्यंत जायचं, तिथून जवळपास दोन तासांच्या फेरीनं जर्मनीत रोस्टॉकला उतरायचं आणि पुढे बर्लिन. ‘युरोव्हेलो ७’ या लांबलचक सायकलमार्गाचा हा एक तुकडा.

अडचण एकच. कॉलेजात असताना बायको पुण्यातल्या एका चौकात सायकलवरून पडली होती. तेव्हापासून रस्त्यावर एकटीनं सायकल चालवायला ती तयार नसते. म्हणून टँडेम भाड्यानं घेतली आणि निघण्याआधी दोन दिवस शहरातच फिरायचं ठरलं. तिनं अट घातली, “दोन दिवसांत नाही जमलं, तर तू जा सायकलनं. मी ट्रेननं बर्लिनला येते.”

आता ही सायकल चालते कशी, ते बघा. आपल्याकडे डबलसीट म्हणजे मागचा नुसता बसलेला. इथे तसं नाही. पुढचा कॅप्टन, हॅन्डल, ब्रेक, गिअर त्याच्याकडे. मागचा स्टोकर. वाफेच्या इंजिनात कोळसा टाकणाऱ्याला हा शब्द वापरायचे. दोघांची पायडलं चेननं एकमेकांना जोडलेली असतात. एकानं पाय थांबवले की दुसऱ्याचेही थांबतात. वजन दोघांचं, त्यामुळे उतारावर गाडी सुसाट, चढावर संथ. वळायला जागाही जास्त लागते. आणि मागच्याला समोर दिसते ती फक्त पुढच्याची पाठ.

पहिल्या दिवशी सकाळी आम्ही नोरेब्रो भागातून शहराच्या मध्याकडे निघालो. इथे सायकलचा पट्टा गाड्यांच्या रस्त्यापेक्षा थोडा उंच आणि फुटपाथपेक्षा थोडा खाली असतो. सकाळी ताशी २० किलोमीटरचा वेग धरला, की सिग्नल एकामागून एक हिरवे मिळत जातात. ऐकायला मस्त वाटतं. पण मागून-पुढून ऑफिसला निघालेल्या सायकलींची रांग होती आणि मी घाबरून दोनदा न सांगता पाय थांबवून ब्रेक दाबला. क्वीन लुईस पुलावर तिनं गाडी बाजूला घ्यायला लावली.

“अरे, मला मागून काय दिसतं? तुझा टी-शर्ट! तू थांबतोयस हे मला पायाला झटका बसल्यावर कळतं. मी त्या दिवशी अशीच पडले होते.”

यावर मी काय बोलणार? चूक माझीच होती.

उपाय मिळाला तो तिथल्या नियमात. डेन्मार्कमध्ये सायकल थांबवण्याआधी हात वर करायचा असतो, वळण्याआधी आडवा धरायचा असतो. डावीकडे जायचं तर थेट चौकातून तिरकं वळायचं नाही. आधी उजव्या कडेनं सरळ पलीकडे जायचं, तिथे थांबायचं आणि मग डावीकडची वाट धरायची. माझे दोन्ही हात जड हॅन्डलवर अडकलेले, तिचे मोकळे. म्हणून हात दाखवायचं काम तिनं घेतलं. पण हात वर करायला तिला आधी कळायला हवं ना! त्यामुळे मला चार-पाच सेकंद आधी “थांबतोय” म्हणावंच लागलं. इशारा तिचा, माहिती माझी. दुपारपर्यंत झटके बंद झाले.

दुसऱ्या दिवशी प्रवासाच्या बॅगा लादून निघालो. निघतानाही क्रम ठरवला: मी दोन्ही पाय जमिनीवर रोवून ब्रेक धरायचा, तिनं आधी बसायचं, मग एक-दोन-तीन.

बंदराजवळ ‘सायकलचा साप’ नावाचा नारिंगी पूल आहे, २०१४ मध्ये खुला झालेला. दोनशे मीटरहून लांब, वळणावळणाचा आणि फक्त सायकलींसाठी. लांब सायकल वळवायचा सराव करायला झकास जागा! नंतर २०१६ मध्ये सुरू झालेला इंडरहाव्हन पूल. त्याला चढ आहे आणि मध्यावर वाट वाकडी होते. मी फक्त “चढ” म्हणालो, तिनं जोर लावला. तेवढ्यात मागून घंटी वाजली. ती वळून बघत म्हणाली, “उजवीकडे राहा, दोघं पुढे जातायत.” आता माहिती दोन्ही बाजूंनी येत होती.

तुम्हीही टँडेमवर लांब जाणार असाल, तर आधी एक-दोन दिवस सायकलींची सवय असलेल्या शहरात घालवा. पायांची ताकद वाटेत वाढते. बोलायची सवय मात्र निघण्याआधीच लागलेली बरी, कारण भरवसा त्यातूनच येतो.

संध्याकाळी मी हळूच विचारलं, “ट्रेनचं तिकीट बघू का?”

ती म्हणाली, “नको. पण ‘थांबतोय’ जरा मोठ्यानं म्हणायला शीक. उद्या हायवेजवळ ऐकू येणार नाही.”

पुढच्या भागात गेडसरची वाट आणि तोंडावर येणारा वारा. तोपर्यंत सांभाळून चालवा. भेटूच!