दुकानातला सर्व्हर अडला तर काय करावे?

ठाण्यातील राबोडीपासून मुंब्रा-कौसा आणि पुढे कल्याण-डोंबिवलीपर्यंत आता लहान धंद्यातही चोपडीची जागा कॉम्प्युटरने घेतली आहे. एक कॉम्प्युटर माळ्यावर किंवा गल्ल्यामागे चोवीस तास चालू ठेवतात. हिशोब, बिले, भरतकामाच्या नक्ष्या, फर्निचरचे आराखडे सगळे त्यात असते आणि दुकानातल्या बाकीच्या कॉम्प्युटरांवरून ते उघडता येते. यालाच सर्व्हर म्हणतात. सोय चांगली आहे. पण एके दिवशी तो अडतो, गिऱ्हाईक समोर उभे असते, घाईघाईने कारागीर बोलावला जातो आणि तो म्हणतो, "फॉरमॅट मारावे लागेल."

व्यापारी बंधूंनो, या ठिकाणी थांबावे. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसून कोरी करणे. ज्यांची जीएसटी नोंदणी आहे त्यांना हिशोबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. म्हणजे २०२२-२३ चा हिशोब ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत हाताशी हवा. गिऱ्हाइकाने दिलेली नक्षी तर आपल्याकडची अमानतच. म्हणून दुरुस्तीआधी दोन कामे करावीत. डिस्क वाचता येत असेल तर महत्त्वाचे फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावेत. मग बिघाड नेमका कुठे आहे ते ओळखावे.

बिघाडाच्या जागा मुख्यतः तीन. डिस्क हे गोदाम, रॅम हे कापड बेतायचे टेबल आणि शेअरिंग हा दुकानाचा दरवाजा असे समजा. दरवाजा अडकला म्हणून कोणी गोदाम पाडत नाही.

गोदाम भरले की खचले?

"जागा नाही" असा संदेश आला तर आधी कोणता फोल्डर फुगला ते पाहावे. पुष्कळदा दोष हिशोबाचा नसतो, कॅमेऱ्यांचा असतो. एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने चोवीस तास चित्रण करत असेल तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी भरतात. चार कॅमेरे असले तर सुमारे ८६ जीबी. म्हणजे एक टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते. यावर उपाय सोपा आहे. चित्रणासाठी वेगळी डिस्क ठेवावी आणि जुने चित्रण आपोआप पुसले जाईल अशी व्यवस्था करावी. नवी एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दाखवते, त्यात दुकानदाराने फसवलेले नसते. मोजण्याची रीत वेगळी असते इतकेच.

डिस्क काठोकाठ भरू देऊ नये. हिशोबाचे पॅकेज लिहिता लिहिता जागा संपली तर फाईल अर्धवट राहते आणि पुढे उघडत नाही. निदान दहावा हिस्सा मोकळा असावा असा आमचा सल्ला आहे.

डिस्क खचत असेल तर लक्षणे वेगळी दिसतात. एखादी फाईल उघडायला फार वेळ लागतो, कॉपी मध्येच थांबते, आतून टकटक आवाज येतो. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन डिस्कची प्रकृती सांगते. त्यात 'रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर' किंवा 'पेंडिंग सेक्टर' यांचे आकडे आठवड्यागणिक वाढत असतील तर त्या डिस्कवर भरवसा ठेवू नये. टकटक आवाज येऊ लागला आणि बॅकअप नसेल तर डिस्क ताबडतोब बंद करून माहिती काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्यावी. पुन्हा पुन्हा चालू करून पाहण्यात उरलेसुरलेही जाते. मात्र डिस्क बदलण्याआधी तिची केबल बदलून पाहावी. ढिल्या केबलमुळेही डिस्क मध्येच गायब होते.

टेबल अपुरे की मोडके?

"मेमरी फुल" हा शब्द आपल्याकडे डिस्क आणि रॅम दोहोंसाठी वापरतात. त्यातून नको ती वस्तू विकत घेतली जाते. रॅम कमी पडली तर फाईल हरवत नाही, काम मंदावते. टेबलावर जागा नाही म्हणून कारागीर दर वेळी कापड गोदामात नेऊन ठेवतो आणि परत आणतो, तसे कॉम्प्युटरचे होते.

सर्व्हर मंद झाला की टास्क मॅनेजर उघडून कोण किती रॅम खातो ते पाहावे. त्याच कॉम्प्युटरवर कोणी ब्राउझरची वीस पाने उघडून बसले असेल तर नवी रॅम घेण्याऐवजी ती बंद करावीत. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव फार चढले, तेव्हा तपासल्याशिवाय खरेदी नको. सर्व्हर लिनक्सवर चालत असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोकळी रॅम तो फाईल पटकन देता याव्यात म्हणून वापरतो आणि गरज पडताच सोडतो. रॅम भरलेली दिसणे हा तिथे बिघाड नव्हे.

रॅम खराब असेल तर मात्र धोका मोठा. निळा पडदा येतो, मशीन आपोआप बंद होऊन सुरू होते, कॉपी केलेली फाईल बिघडलेली निघते. विंडोज मेमरी डायग्नोस्टिक किंवा मेमटेस्ट८६ रात्रभर चालवावे. चूक निघाली तर वीज काढून एकेक रॅम वेगळी तपासावी. पावसाळ्यातल्या दमट हवेने टोके काळवंडली असतील तर खोडरबराने हलकेच पुसून पुन्हा बसवावी.

दरवाजा का उघडत नाही?

आधी सर्व्हरवरच बसून फाईल उघडावी. तिथे उघडली तर माल सुखरूप आहे, अडचण दरवाजाची आहे. मग केबलचा दिवा पाहावा. एका कॉम्प्युटरवरून उघडते आणि दुसऱ्यावरून नाही, तर दोष त्या दुसऱ्याचा.

वीज जाऊन आली की राऊटर सर्व्हरला नवा आकडी पत्ता देऊ शकतो आणि बाकीचे जुन्या पत्त्यावर शोधत राहतात. राऊटरमध्ये सर्व्हरचा पत्ता कायमचा राखून ठेवावा. सर्व्हरचे नेटवर्क 'पब्लिक' झाले असेल तर ते 'प्रायव्हेट' करावे. पासवर्ड बदलला असेल तर इतर कॉम्प्युटरांवर साठवलेला जुना पासवर्ड काढून टाकावा. फाईल उघडते पण सेव्ह होत नाही, तर कुलपे दोन असतात हे आठवावे. एक शेअरिंगच्या परवानगीचे, दुसरे फोल्डरच्या परवानगीचे. दोन्ही उघडी लागतात.

विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, म्हणून अनेकांनी विंडोज ११ घेतले. तिच्या २४ एच २ या आवृत्तीत, विशेषतः प्रोमध्ये, पासवर्डाविना पाहुणा म्हणून शिरण्याची वाट बंद आहे. जुनी साठवण-पेटी मग एकाएकी दिसेनाशी होते. तिच्यावर नाव आणि पासवर्डाचे खाते उघडावे, तिचे सॉफ्टवेअर नवे करावे. काही कारागीर 'एसएमबी १' ही जुनी पद्धत चालू करून देतात. ते करू देऊ नये. २७ जून २०१७ च्या नॉटपेट्या हल्ल्यात न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे संगणक ठप्प झाले. तो विषाणू ज्या वाटांनी पसरला त्यांपैकी एक याच जुन्या पद्धतीतली फट होती.

बॅकअप वेगळाच हवा

दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिले जाते म्हणून अनेकजण निश्चिंत असतात. एक डिस्क मेली तर दुसरी उपयोगी पडते हे खरे. पण चुकून पुसलेली फाईल दोन्हींवरून जाते आणि विषाणू दोन्ही गिळतो. २६ जुलै २००५ च्या महापुरासारखे पाणी शिरले तर पेटीसकट सगळेच जाते. म्हणून सर्व्हर जमिनीवर ठेवू नये. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई-ठाण्याची वीज एकाच वेळी गेली होती, तशा वेळेसाठी यूपीएस असावा आणि त्याची बॅटरी वेळोवेळी तपासावी.

बॅकअपसाठी बाहेरची एक डिस्क घ्यावी. आठवड्यातून एकदा नक्कल उतरवून ती काढावी आणि दुकानात न ठेवता घरी न्यावी. हिशोबाची आणखी एक नक्कल इंटरनेटवर ठेवता आली तर उत्तम. महिन्यातून एकदा त्या नकलेतून एखादे जुने बिल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहावे. उघडले तरच तो बॅकअप. तो हाती असला की "फॉरमॅट मारावे लागेल" हे शब्द ऐकून घाबरण्याचे कारण उरत नाही.