दुर्बळांचे बळ : संत जुझे वाझ

सेवेच्या मार्गावर संकटे येणार, हे ख्रिस्ती माणसाला कोणी वेगळे सांगावे लागत नाही. ज्याने क्रूस वाहिला त्याच्यामागून चालावयाचे, तर खांद्यावर भार यावयाचाच. खरा प्रश्न पुढचा आहे. तो भार पेलण्याचे बळ माणसाला मिळते कोठून? देव बळ देतो, हे उत्तर सर्वांच्या ओठांवर असते. परंतु ते बळ कोणत्या रूपाने येते, याचा विचार क्वचितच होतो. गोमंतकाचे सुपुत्र संत जुझे वाझ यांच्या चरित्रात त्याचे उत्तर सापडते.

जुझे वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी सासष्टीतील बाणावली येथे झाला. त्यांचे पितृग्राम सांकवाळ. १६७६ साली त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. पुढल्याच वर्षी सांकवाळ येथे त्यांनी एक पत्र लिहून स्वतःला पवित्र मरियेचे दास म्हणून अर्पण केले. हा केवळ भावनेचा उमाळा नव्हता. जो स्वतःला दास म्हणवितो, त्याला आपल्या सोयीगैरसोयीची कैफियत मांडता येत नाही. धनी पाठवील तेथे जावे, ठेवील तसे राहावे, हीच त्याची रीत. या अर्पणाचा अर्थ पुढे चोवीस वर्षे सिंहलद्वीपात त्यांच्या आयुष्याने उलगडून दाखविला.

त्या काळी सिंहलद्वीपातील, म्हणजे आजच्या श्रीलंकेतील, कॅथलिक जनता निराधार झाली होती. १६५६ साली कोलंबो आणि १६५८ साली जाफना डचांनी, म्हणजे जुन्या मराठी कागदांतील वलंदेजांनी, पोर्तुगीजांकडून जिंकून घेतले. नव्या सत्तेने कॅथलिक उपासनेवर बंदी घातली, धर्मगुरूंना हाकलले, आणि त्यांना आसरा देणे हाही गुन्हा ठरविला. मिस्सा नाही, प्रायश्चित्त संस्कार नाही, मरणाऱ्याच्या उशाशी प्रार्थना म्हणणारा कोणी नाही, अशी अनेक वर्षे लोटली. ही वार्ता वाझ यांच्या मनाला सलत होती. १६८६ साली त्यांनी गोवे सोडले आणि १६८७ साली तुतिकोरिनहून समुद्र ओलांडला. अंगावर मजुराचा वेश होता आणि सोबतीला जुवांव नावाचा एकनिष्ठ सेवक.

आरंभच कसा झाला पाहा. वादळाने गलबताची दैना केली. जाफन्यास पोहोचतात तोच हगवणीच्या आजाराने धर्मगुरू अंथरुणास खिळले. ज्यांच्या सेवेसाठी आले त्यांची ओळख नाही; उघडपणे विचारावे तर पकडले जाण्याचे भय. कोणी दयाळू माणसांनी आणून दिलेल्या पेजेवर हे दोघे जगले. दुसरा एखादा म्हणाला असता, देवाची इच्छा असती तर वाट अशी अडली नसती. वाझ बरे होताच उठले, गळ्यात जपमाळ घातली आणि दारोदार भिक्षा मागू लागले. ती माळ पाहून कोणाचा चेहरा उजळतो, एवढेच ते न्याहाळीत. अशा रीतीने त्यांना आपली माणसे सापडली, आणि रात्रीच्या अंधारात बंद दारांआड पुन्हा मिस्सा होऊ लागली. १६८९ साली नाताळच्या रात्री डचांनी धाड घालून अनेक भाविकांना पकडले. वाझ मात्र निसटले, आणि पुढे कँडीच्या राज्यातील पुत्तलम या गावी जाऊन त्यांनी काम चालू ठेविले.

१६९२ साली ते राजधानी कँडीस गेले. तेथे ते पोर्तुगीजांचे हेर असल्याची चहाडी राजाच्या कानी गेली आणि त्यांना कैदेत टाकण्यात आले. बाहेर हजारो लोक वाट पाहत आहेत आणि आपण चार भिंतींत अडकलो, याहून मोठी निराशा सेवकाला दुसरी कोणती? परंतु वाझ यांनी त्या सक्तीच्या सवडीत सिंहली भाषेचा अभ्यास केला. पहारा सैल होताच एक झोपडी उभारून तीच प्रार्थनेची जागा केली. तुरुंगाचेच त्यांनी सेवाक्षेत्र बनविले.

गोव्याहून आणखी धर्मगुरू १६९७ साली येऊन पोहोचले. तोवर सुमारे दहा वर्षे त्या बेटावर वाझ एकटेच होते. त्याच वर्षी कँडीत देवीची साथ उसळली. रोग्याला त्याचे आप्तही शिवेनात. वाझ आणि त्यांचे भाचे जुझे कार्व्हाल्यो यांनी रोग्यांना अन्न भरविले, जखमा धुतल्या, मेलेल्यांना मूठमाती दिली. तेथे कॅथलिक कोण आणि बौद्ध कोण, असा भेद त्यांनी केला नाही. ज्या राजाने त्यांना एकदा बंदीत ठेविले होते, त्याच्याच राज्यात मग त्यांना मोकळेपणाने हिंडता आले.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. देवाने वाझ यांचे वादळ टाळले नाही, आजार टाळला नाही, कैदही टाळली नाही. त्याने दिले ते एवढेच, की प्रत्येक संकटात त्यांना पुढचे एक पाऊल दिसत राहिले आणि ते टाकण्याची इच्छा मावळली नाही. माणसाची शक्ती सरते तेथे देवाचे सामर्थ्य कामास लागते, असा बोध संत पौलाने करिंथकरांस केला होता, त्याचा हाच अर्थ असावा. हे बळ कोठारात साठवून ठेवता येत नाही; ते रोजच्या भाकरीसारखे रोज मागावे लागते. म्हणूनच प्रार्थना हा वाझ यांच्या दिवसाचा अलंकार नसून पाया होता. आणखीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी : ते बळ पुष्कळदा इतरांच्या हातांनी आले. एका दयाळू घरची पेज, सेवकाची सोबत, धाडीचे भय असतानाही दार उघडणारे भाविक, यांच्याच रूपाने देव त्यांना सावरीत होता.

१६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांनी देह ठेविला. गोवे त्यांना पुन्हा दिसले नाही. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संतपद घोषित केले. तीन शतकांनंतर मिळालेला हा मान वाझ यांना जिवंतपणी ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांना ठाऊक होते ते आजचे काम. आजाऱ्याच्या उशाशी जागणारी परिचारिका, ओस पडत चाललेली शाळा चालविणारा शिक्षक, वृद्ध सासूची शुश्रूषा करणारी सून, यांनाही देव याहून अधिक काही ठाऊक करून देत नाही. आजचे बळ आज मिळते. उद्याचे उद्या मागावे.